राल्फचे राज्य आणि आमच्याकडचे राजे

'किंग राल्फ' हा १९९१ सालचा चित्रपट विनोदी चित्रपटांच्या कोणत्याही मानाच्या यादीत सहसा आढळत नाही, आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही, कारण तो मध्येमध्ये रेंगाळतो आणि शेवटी चक्क कच खातो. तरीही मला तो आवडतो. त्याचा प्रश्न असा आहे, की सिंहासनावर बसायला रक्त लागते की तालीम. आणि ज्या सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोट संस्थानाची गादी होती, त्या जिल्ह्यातल्या माणसाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

कथेची सुरुवात फार धीट आहे. ब्रिटनचे अख्खे राजघराणे छायाचित्रासाठी बाहेर मोकळ्यावर एकत्र जमते, विजेचा अपघात होतो आणि झाडून सगळे वारस एका झटक्यात संपतात. इतक्या मृत्यूंनंतर पुन्हा हसणे कठीण जावे; पण दिग्दर्शक डेव्हिड एस. वॉर्ड प्रेक्षकाला सुतक पाळायला वेळच देत नाहीत. राजवाड्यातील मंडळी वंशावळी धुंडाळू लागतात आणि शोध थांबतो तो अमेरिकेतील लास वेगासमध्ये, हॉटेलात गाऊन-वाजवून पोट भरणाऱ्या राल्फ जोन्सपाशी. त्याची आजी हॉटेलात काम करीत होती आणि अमेरिकेच्या दौऱ्यावर आलेल्या एका ड्यूकशी तिचे सूत जुळले होते, एवढाच काय तो धागा. अशा नात्याला कायद्याने वारसा मिळेल का, ही शंका चित्रपट बाजूला सारतो, आणि विनोदी चित्रपटाने ती सारावीच.

एरवी, दूरच्या माणसाला बोलावून गादीवर बसवणे ब्रिटनला नवे नाही. १७०१ च्या कायद्याने कॅथलिकांना सिंहासनाच्या हक्कातून वगळले, त्यामुळे १७१४ मध्ये राणी ॲन निपुत्रिक वारली तेव्हा रक्ताने अधिक जवळ असलेली पन्नासहून अधिक माणसे ओलांडून जर्मनीतील हॅनोव्हरचा जॉर्ज ब्रिटनचा राजा झाला. त्याला इंग्रजी जेमतेम येत होते. राल्फला निदान भाषा तरी येते, जरी त्याची इंग्रजी ऐकून राजवाड्यातील लोकांना ती येत असल्याचा आनंद होत नाही.

जॉन गुडमन यांचा राल्फ आडदांड, मोकळा आणि मनाने चांगला आहे. त्याला फसवणे सोपे आहे, पण त्याचा अपमान करणे अवघड आहे, कारण तो मनाला लावूनच घेत नाही. चित्रपट खऱ्या अर्थाने पेलला आहे तो मात्र पीटर ओटूल यांनी. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मध्ये वाळवंट व्यापून टाकणारा हा नट येथे खासगी सचिव सर सेड्रिक विलिंगहॅम होऊन राजाच्या दोन पावले मागे उभा राहतो. राल्फला कसे बसावे, कसे जेवावे, कोणाशी किती बोलावे हे सारे तो शिकवतो. त्याचा आवाज कधी चढत नाही, चेहऱ्यावर त्रागा दिसत नाही. पण प्रत्येक नव्या फजितीनंतर त्याच्या सभ्यपणात किंचित भर पडते आणि हसू तेथेच येते. स्वतः सरळ उभे राहून दुसऱ्याच्या वेडेपणाला वाट करून देणारा नट आपल्या वगात राजाच्या भूमिकेत असतो आणि सोंगाड्या त्याची फिरकी घेतो. येथे उलटे आहे: सोंगाड्याच्या डोक्यावर मुकुट आहे आणि गंभीर माणूस चाकरीत आहे.

हा चित्रपट मी अलीकडे आत्याबरोबर पुन्हा पाहिला. तिला इंग्रजी संवाद कळत नाहीत, त्यामुळे शेंगदाणे निवडता निवडता ती फक्त माणसे काय करतात ते पाहत होती. राल्फच्या शिकवणीचा भाग चालू असताना ती म्हणाली, "सगळे त्याला शिकवायलेत की गं, जेवलास का म्हणून एकजण पण विचारंना." हा शेरा मला कोणत्याही परीक्षणापेक्षा नेमका वाटला, कारण राजवाड्यात राल्फभोवती माणसांची कमतरता नसते, कमतरता असते ती त्याच्याशी माणसासारखे बोलणाऱ्याची. ती उणीव मिरांडा नावाची तरुणी भरून काढते. ती क्लबात अंगप्रदर्शन करून पोट भरते, म्हणून ती राणी होणे अशक्य, आणि नेमका याच गोष्टीचा फायदा घेऊन लॉर्ड ग्रेव्हज राल्फला बदनाम करण्याचा डाव रचतो. जॉन हर्ट यांच्यासारखा कसलेला नट या भूमिकेत असूनही हे कारस्थान सपक आहे. खलनायकाच्या डावपेचांत वेळ घालवण्याऐवजी लेखकाने विलिंगहॅमला आणखी चार प्रसंग द्यायला हवे होते.

राल्फचे लग्न फिनलंडच्या राजकन्येशी जमवण्याचा घाट घातला जातो, तो भाग मात्र झकास आहे. (फिनलंडमध्ये राजघराणे नाही, तो देश प्रजासत्ताक आहे. एक राजघराणे विजेने मारून टाकणाऱ्या लेखकाने दुसरे नव्याने वसवले, म्हणजे हिशेब फिटला म्हणायचा.) या समारंभात राल्फ हार्पसिकॉर्डपुढे बसतो. दरबारी संगीतासाठी बनवलेले ते नाजूक वाद्य, त्यावर गुडमनचे ते पंजे, आणि त्यातून निघते अमेरिकन रॉक गायक लिटल रिचर्डचे धांगडधिंग्याचे गाणे. वाद्याचा स्वर बारीक, छनछन करणारा. गाणे मात्र रस्त्यावरचे, घाम काढणारे. दोन्हींचे जमत नाही आणि तरी काही क्षण जमल्यासारखे वाटते. राल्फने स्वतःला बदलले नाही आणि राजवाड्यालाही बदलले नाही, दोघांना एकाच तालावर आणले. सबंध चित्रपट या प्रसंगाइतका नेमका असता, तर तो आज अधिक लोकांच्या लक्षात राहिला असता.

चित्रपटातील राजकारण वरवरचे आहे, पण एक गोष्ट सोलापूरकराच्या नजरेतून सुटणार नाही. झांबेझी या काल्पनिक आफ्रिकी देशाचा राजा भेटीला येतो, तेव्हा राल्फ त्याच्याशी शिष्टाचाराची कवायत करीत नाही. दोघेही राज्य चालवण्याच्या धास्तीबद्दल मोकळेपणाने बोलतात, आणि त्या मैत्रीतून शेवटी ब्रिटनच्या पदरात मोटार कारखान्यांचा करार पडतो. ज्या शहराने गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद पडताना ऐकले, ज्या शहरात गिरणीत असणे ही मुलीच्या लग्नासाठी पुरेशी ओळख होती आणि नंतर तीच ओळख सांगायला लोक कचरू लागले, तेथे राजाने काय करावे या प्रश्नाचे हे उत्तर अगदी सरळ पोहोचते. आत्याचे यजमान गिरणीतच होते. करार झाल्याचे मी तिला सांगितले, तेव्हा तिने पहिल्यांदाच शेंगदाण्यांवरची नजर वर केली आणि "मग ठेवायचा की त्याला," एवढेच म्हणाली.

पण त्याला ठेवत नाहीत. माझी खरी तक्रार येथे आहे. राल्फ संसदेपुढे आपल्या चुका कबूल करतो, ग्रेव्हजचे कारस्थान उघडे पाडतो, करार जाहीर करतो आणि मग गादी सोडतो. गादीवर येतो विलिंगहॅम, कारण तोही वंशावळीत बसतो असे ऐनवेळी उघड होते. म्हणजे दीड तास थट्टा चालली ती रक्ताच्या श्रेष्ठत्वाची आणि निकाल लागला तो पुन्हा रक्ताच्याच बाजूने. विलिंगहॅम लायक आहे हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. मग त्याच्या अंगात राजरक्त असल्याचा दाखला जोडण्याची गरज का पडली? तालमीवर विश्वास ठेवण्याचे धाडस लेखकाला झाले नाही.

हे धाडस आपल्याकडे तीनशे वर्षांपूर्वी झाले होते. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेकडे येत असताना पारद गावी चकमक झाली आणि तेथील लोखंडे पाटील मारला गेला. त्याच्या विधवेने आपला लहान मुलगा राणोजी शाहूंच्या पायाशी घातला. शाहूंनी त्याला पदरी घेतले, विजयाची आठवण म्हणून फत्तेसिंह हे नाव आणि आपले भोसले आडनाव दिले. शाहूंच्या घरातील विरूबाईंच्या मायेत तो साताऱ्याच्या दरबारात वाढला, मोहिमा करू लागला आणि पुढे अक्कलकोट संस्थानाचा मूळ पुरुष ठरला. सोलापूरहून अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर आहे. स्वामींच्या दर्शनाला आम्ही वर्षातून दोनदा तरी जातो आणि सवड असली तर राजवाड्यातील शस्त्रसंग्रहही पाहतो. भिंतीवरच्या त्या तलवारींपुढे उभे राहिले, की या साऱ्याचा उगम लढाईत हरलेल्या एका पाटलाच्या पोरात आहे, ही गोष्ट राल्फच्या कथेइतकीच अजब वाटते. फरक एवढाच, की येथे कोणी वंशावळीचा खटाटोप केला नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट रामराजांची. शाहूंना पुत्र नव्हता. अखेरच्या काळात ताराबाईंनी सांगितले, की आपला नातू लहानपणापासून लपवून ठेवला आहे. हा मुलगा तुळजापूर-बार्शीच्या मुलखात अज्ञातवासात वाढला होता. त्याला साताऱ्याला आणले आणि १७५० च्या आरंभी छत्रपतींच्या गादीवर बसवले. पण तो आपल्या मुठीत राहत नाही हे दिसताच त्याच ताराबाईंनी त्याच वर्षी त्याला किल्ल्यावर कैद केले आणि हा आपला नातू नव्हेच, असे जाहीर केले. पुढे जेजुरीला खंडोबापुढे तशी शपथही घेतली. तरी १७७७ पर्यंत छत्रपती नावाने तेच राहिले. रक्ताच्या दाखल्यावर गादी मिळाली, तोच दाखला देणाऱ्याने मागे घेतला आणि गादी मात्र तशीच राहिली: यावर विनोदी चित्रपट सहज निघेल, पण हसवता हसवता तो प्रेक्षकाला गप्प करील. त्या तरुणाला ना धड शिकवणारा विलिंगहॅम मिळाला, ना मोकळे सोडणारा कोणी.

आणि बडोद्याचे सयाजीराव तर सर्वांना ठाऊकच आहेत. नाशिककडच्या कवळाण्यातील शेतकरी घरातला गोपाळ १८७५ मध्ये जमनाबाईंना दत्तक गेला, बाराव्या वर्षी धुळाक्षरांपासून शिकू लागला आणि १८८१ च्या अखेरीस त्याच्या हाती कारभार आला. दूरच्या भाऊबंदकीचे नाते तेथेही पाहिले गेले, हे खरे. पण आज बडोद्यातील शाळा आणि ग्रंथालये आठवताना ते नाते कोणी काढीत नाही. एलियट यांच्यासारखे शिक्षक आणि टी. माधवराव यांच्यासारखे दिवाण त्या मुलाला लाभले, हे मात्र अवश्य काढतात.

म्हणूनच मला राल्फपेक्षा विलिंगहॅमची चिंता अधिक वाटते. राल्फची सोय उत्तम लागते: ड्यूकपद, भरघोस वेतन, गाणी ध्वनिमुद्रित करायला स्वतःचा स्टुडिओ आणि मिरांडाशी लग्न. पण राजाला वळण लावणारा एकमेव माणूसच राजा झाला, तर दोन पावले मागे उभे राहायला कोणाला बोलावणार? या चित्रपटाचा दुसरा भाग कोणी काढणारच असेल, तर तो त्या रिकाम्या झालेल्या सचिवाच्या जागेवर काढावा. भूमिकेसाठी आमची आत्या तयार आहे. निदान राजा जेवला की नाही, हे ती पहिल्या दिवशी विचारील.