झोर्की-४ : पांढऱ्या ठिपक्यांचा उलगडा आणि १/१००० चा नवा पेच

झोर्की-४ या माझ्या जुन्या सोव्हिएत रेंजफाइंडर कॅमेऱ्याने फिल्मवर घेतलेल्या पुण्याच्या मंडईच्या फ्रेममध्ये सावलीच्या भागात उमटणारे पांढरे ठिपके कोठून येतात, हे अखेर कळले. ते घालवताना मात्र शटरचा १/१००० सेकंद हा वेग हातचा गेला. या ठिपक्यांविषयीच्या मागच्या नोंदीवर बहुतेक वाचकांनी धुळीचा संशय व्यक्त केला होता आणि तो वाजवीच होता, कारण स्कॅन करताना निगेटिव्हवर बसलेली धूळही पॉझिटिव्हमध्ये पांढरीच दिसते. परंतु भिंगाखाली हे ठिपके निगेटिव्हच्या इमल्शनमध्येच, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या थरातच, काळे झालेले आढळले. डेव्हलपिंगच्या वेळचे बुडबुडेही बाद झाले, कारण बुडबुड्याखाली डेव्हलपर पोहोचत नाही, निगेटिव्ह तेथे पारदर्शक राहते आणि प्रिंटवर डाग काळा पडतो. एचपी५ या कृष्णधवल फिल्मसाठी मी नेहमी वापरतो ते डी-७६ डेव्हलपर (१:१, २० अंश, ११ मिनिटे) निर्दोष ठरले, याचे मला विशेष समाधान आहे.

खरा दुवा कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे रोलच्या सगळ्या फ्रेम एकत्र छापलेल्या कागदावर मिळाला. लागोपाठ घेतलेल्या फ्रेम स्वच्छ होत्या. मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्यासमोर, हमाल उजेडाच्या पट्ट्यात येईपर्यंत कॅमेरा रोखून थांबलो होतो, त्या फ्रेममध्ये ठिपके होते, आणि तेही प्रत्येक वेळी त्याच जागी. रात्रीच्या रोलवर एकही नव्हता. झोर्कीच्या शटरमध्ये एकामागोमाग धावणारे दोन कापडी पडदे असतात आणि त्यांच्यामधल्या फटीतून फिल्मवर प्रकाश पडतो. म्हणजे शटर कॉक केल्यानंतर (पुढच्या फ्रेमसाठी ताणून तयार ठेवल्यावर) फिल्मसमोर उभ्या राहणाऱ्या पहिल्या पडद्याला छिद्रे असणार. दुसऱ्या पडद्याला असती, तर शटर उडाल्यानंतर फिल्म पुढे ओढेपर्यंतच्या काळात ती फिल्मवर उमटली असती, आणि माझा हात फिल्म ओढण्याच्या नॉबवर लगेच जातो. छिद्र फिल्मच्या अगदी जवळ असल्यामुळे ठिपका हा प्रत्यक्षात लेन्सच्या अ‍ॅपर्चरचीच प्रतिमा असतो. म्हणूनच एफ/१६ या लहान उघडीपला तो टोकदार आणि एफ/२ या मोठ्या उघडीपला पसरट, पुसट येत होता. रस्त्यावर छायाचित्रण करणाऱ्याला याहून गैरसोयीचा दोष नाही, कारण झोर्कीवर कॉक केल्याशिवाय वेग बदलायचा नसतो आणि क्षणाची वाट पाहायची तर कॅमेरा तयार ठेवावाच लागतो.

झोर्कीची पाठ पूर्ण निघते, हा लायकाच्या जुन्या स्क्रू-माउंट कॅमेऱ्यांपेक्षा तिचा मोठा गुण आहे. अंधाऱ्या खोलीत लेन्स काढून पुढून टॉर्च धरली, तेव्हा पहिल्या पडद्याच्या एका कोपऱ्यात चांदण्यांचा पुंजकाच दिसला. लेन्सवर टोपी न लावता कॅमेरा उन्हात वावरला की रबरी कापड असे जळते, कारण रेंजफाइंडरमध्ये वाटेत आरसा नसतो. विक्रेते ‘फिल्म टेस्टेड’ असे बिनदिक्कत लिहितात. माझे स्पष्ट मत आहे की, मागून उजेड टाकलेल्या पडद्याचे छायाचित्र मिळाल्याशिवाय कापडी शटरचा कॅमेरा घेऊ नये.

कापडावरच्या काळ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात दिल्यावर छिद्रे बुजली. पुढचा रोल टाकीतून काढला तेव्हा भर दुपारच्या फ्रेमसुद्धा निर्मळ निघाल्या आणि ती पट्टी मी वाळण्याआधीच खिडकीशी धरून पाहत राहिलो. मग १/१००० च्या फ्रेम नजरेस पडल्या: प्रिंटची एक कड हळूहळू काळवंडत जाते. रंगामुळे पहिला पडदा किंचित जड झाला असून दुसरा त्याला गाठत येतो. फट अरुंद होत गेल्यामुळे शेवटच्या कडेला प्रकाश कमी पडतो. ताणाचा स्क्रू फिरवून हे जुळवता येते, पण ताण वाढवणे हा जुन्या स्प्रिंगवर अन्याय आहे. पडदाच बदलायचा, असे ठरवून मुंबईच्या फोर्टमधल्या बोराबाजारातील एका जुन्या कारागिरांशी बोलणेही झाले होते.

हे लिहीत असतानाच वेगळे सुचले. भर उन्हात १/१००० लागते ते केवळ एफ/११ वर राहण्यासाठी. माझ्या ज्युपिटर-८ लेन्सला ४०.५ मिमीचा पिवळा फिल्टर लावला तर एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश, खाल्ला जाईल, १/५०० वर तेच अ‍ॅपर्चर मिळेल आणि आकाशही थोडे गडद होईल. ३ मीटरवर फोकस ठेवल्यास साधारण २.२ ते ५ मीटरपर्यंत सारे स्पष्ट येते, आणि गर्दीत मला त्याहून अधिक नको असते. शिवाय कॅमेरा गणेशोत्सवात हाताशी राहील. तेव्हा पडद्याचे काम पुढे ढकलतो. फिल्टर लावून घेतलेल्या पहिल्या रोलच्या काही फ्रेम समान उजेडातल्या पांढऱ्या भिंतीवर १/२५० आणि १/५०० ला खर्च करून दोन्ही कडांची घनता ताडून पाहीन. १/५०० लाही फरक दिसला, तर बोराबाजार टळणार नाही.