गुलाबी डाग

गेल्या आठवड्यात नौपाड्याच्या घरी आईने रव्याचा डबा उघडला आणि आतून एक पाखरू उडालं. मी ते पकडलं, जुन्या कालनिर्णयच्या पानाच्या कोऱ्या कोपऱ्यावर ठेवलं आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबलं. डाग करडा निघाला.

"काय बघतेस गं?" आईने विचारलं.

"गुलाबी आहे का ते."

ही खोड कॅनडातल्या केलोनाची. ओकानागन खोऱ्यात आम्ही घर घेतलं तेव्हा परसात सफरचंदाचं एक झाड आयतं मिळालं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात तिथल्या कीडनियंत्रण कार्यक्रमाचा एक मुलगा दारात आला. झाडाला सापळा लावायचाय म्हणाला. विचारलं अगदी नम्रपणे, पण नाही म्हणायची सोय नाही हे सुरावरून कळलं. कोडलिंग मॉथ नावाचा पतंग आहे, त्याची अळी सफरचंदात शिरून थेट बियांपर्यंत पोखरत जाते. परसातल्या एका दुर्लक्षित झाडावर ती माजली की शेजारची बागही बसते. म्हणून झाडाची काळजी घ्या, नाहीतर फळं उतरवा. वर घरपट्टीच्या बिलात या कामाची वेगळी रक्कम. बाग नसली तरी! मी चिडून ठाण्यात मैत्रिणीला फोन केला होता, "इथे किड्यांचीही पट्टी भरावी लागते!" शेजारचे बागवाले अंकलजी जालंधरचे. ते नुसते हसले.

पुढच्या खेपेला मुलाने सापळ्याचा चिकट तळ बाहेर काढला. मादीच्या वासाची रबरी गोळी आत, म्हणजे आपल्याकडचा कामगंध सापळाच. त्याने एकेक पतंग कागदावर दाबायला सुरुवात केली. गुलाबी. गुलाबी. गुलाबी. मग एक मातकट, आणि तेवढ्यासाठी वहीत वेगळी नोंद.

गुलाबी पतंग त्या कार्यक्रमाचेच होते. ओसोयूस गावात कारखान्यात वाढवलेले. अळ्यांच्या खाण्यातच तेलात विरघळणारा लाल रंग असायचा, तो पतंग झाल्यावरही पोटात टिकतो. मग गॅमा किरण देऊन वांझ करायचे, थंडीने गारठवून बागेत नेऊन सोडायचे. 1994 पासून हे चालू झालं. रानटी मादीला वांझ नर भेटला की अंडी फुकट. एका रानटी पतंगामागे चाळीस वांझ असावेत, असं धोरण होतं. गणित माझ्यासारख्या बँकेतल्या बाईलाही कळावं इतकं सोपं: समजा चाळीस हजार सोडले आणि सापळ्यात चाळीस गुलाबी नि एक मातकट आला, तर खोऱ्यात रानटी अंदाजे हजार. अंदाजेच, कारण किरण खाल्लेला पतंग जरा मंद असतो आणि सापळ्यात येतात ते बहुतेक नर.

"नरच फसतात?" आई म्हणाली. "बरं आहे."

मला त्या मोजणीचं फार कौतुक वाटलं, आजही वाटतं. फवारणी करण्याआधी कीड आहे किती, हे कोणीतरी कागदावर डाग पाडून बघत होतं.

पण कौतुक करताना जीभ जड होते. यवतमाळचा मामा कापूस लावतो. गुलाबी बोंडअळीवर हाच प्रयोग अमेरिकेत झाला, तेच वांझ, तेच रंगवलेले, सोबत बीटी कापूस, आणि 2018 साली कापसातून ती संपल्याचं तिथल्या सरकारने जाहीर केलं. त्याच्या आदल्याच वर्षी यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. आपल्याकडेही मोजतात की. सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ पतंग सापडले तर फवारा, हा हिशेब मामाला तोंडपाठ आहे. ओकानागन म्हणजे डोंगरांनी कोंडलेली अरुंद पट्टी. विदर्भाला कुठून कुंपण घालणार? तेव्हा उगाच तुलना नको, असं मी स्वतःला समजावते. केलोनात राहून समजावणं सोपंही जातं.

मामाला फोन लावला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वांझ पतंग सोडायचे ते पुढचं बघू. आधी सांग, शेजाऱ्याच्या परसातल्या झाडाची झडती घ्यायला माणूस येतो, आणि त्याला कोणी मारत नाही?"

"नाही मामा."

"मग कसला देश आहे तो."

आईने रवा चाळून गच्चीत उन्हात पसरला. पानावरचा करडा डाग तिने मला ओल्या फडक्याने पुसायला लावला.