पायात कडं असलेलं कबूतर

कबुतरांशी माझं वैर जुनं आहे. कुंड्यांतली माती उकरणं, एसीच्या मागे चार काटक्या टाकून त्याला घरटं म्हणणं, उजाडायच्या आत घुमायला लागणं, हे सगळं मी वर्षानुवर्षं सोसलंय. त्यांना हुसकावण्यात आमच्या घरात माझा हात धरणारं कोणी नाही. त्यामुळे मी टाळ्या वाजवल्या, झाडू आपटला आणि कोपऱ्यातलं कबूतर जागचं हललंच नाही, तेव्हा मी चमकले. उलट दोन पावलं पुढे येऊन मान तिरकी करून ते माझ्याकडे बघायला लागलं. पारवे असं करत नाहीत. माणसाच्या हाताची सवय असलेला पक्षीच असा बघतो.

मग नीट पाहिलं. छाती रुंद, पिसं अंगाला घट्ट बसलेली, शेपटीची दोन-तीन पिसं गायब. एका पायात हिरवं कडं, दुसऱ्यात जाडसर काळं प्लास्टिकचं. हे शर्यतीचं कबूतर होतं, म्हणजे दूर नेऊन सोडलं की आपल्या घरी उडत परत येणारं.

अशा वेळी शेजारपाजारचे हमखास एक सल्ला देतात : गच्चीवर ने आणि वर फेक, उडेल आपोआप. कृपा करून असं करू नका. ते मुळात उडून उडून दमल्यामुळेच खाली बसलेलं असतं. ही कबुतरं तासाला सत्तर-ऐंशी किलोमीटरने, वारा पाठीशी असेल तर शंभराच्याही वर, तासन् तास न थांबता उडतात. लांब पल्ल्याच्या शर्यती तर हजार किलोमीटरच्या घरात जातात. मध्ये ससाणा मागे लागला, समोरून वारा सुटला, धुकं आलं, ऊन्ह फार झालं की एखादं वाट सोडतं आणि जिथे बरं वाटेल तिथे उतरतं. त्याला हवं असतं पाणी, दाणे आणि कोणी न छळणारी जागा. खरं काम तेवढंच.

पाणी आधी, दाणे नंतर. आणि पाण्याचं भांडं खोलगट हवं. चिमणी किंवा कोंबडी चोचीत घोट घेते, मान वर करते आणि तो गिळते. कबूतर तसं पीत नाही. ते चोच नाकपुड्यांपर्यंत पाण्यात बुडवतं आणि मान वर न करता सलग ओढत राहतं. उथळ बशी ठेवली तर बिचारं नुसतं चोच आपटत बसतं. मी आमटीची खोल वाटी ठेवली. त्याने इतका वेळ तोंड बुडवून ठेवलं, की मला भीती वाटली. गळ्याची हालचाल दिसत होती म्हणून गप्प बसले.

दाणे कोरडे आणि कच्चे : मका, गहू, वाटाणे, मसूर, जे घरात असेल ते. पाव, भात, दूध नको. बारीक खडीचे चार खडे ठेवले तर उत्तम, कारण दात नसतात आणि दळायचं काम पोटातच चालतं.

अंधार पडल्यावर त्यांना नीट दिसत नाही, तेव्हा पकडणं सोपं. अंगावर हलका टॉवेल टाकायचा आणि उचलायचं. धरायची पद्धत मी व्हिडिओ बघून शिकले : दोन्ही पाय आपल्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, पोट तळहातावर, अंगठा वरून पंखांच्या टोकांवर. असं धरलं की पक्षी चक्क शांत होतो. छातीवर बोट फिरवलं तर मधलं हाड सुरीच्या धारेसारखं लागत होतं, म्हणजे उपाशी. विष्ठाही पातळ, हिरवीगार होती. पोटात काही नसलं की ती तशीच होते. खाणं सुरू झाल्यावर ती घट्ट झाली आणि वर पांढरा ठिपका दिसायला लागला. सासूबाईंना मी हे उत्साहाने सांगायला गेले, तर त्या ताटावरून उठल्या.

पक्षी निव्वळ दमलेला आहे का आजारी, हे मात्र बघावंच. मान पिळवटल्यासारखी होत असेल, तोंडात पिवळे चिकट थर असतील, पंख लोंबत असेल तर पशुवैद्याकडे जा. आणि मांजराचा दात लागलेला असेल तर जखम कितीही बारीक दिसो, त्याच दिवशी जा. मांजराच्या तोंडातल्या जंतूंनी पक्षी दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. घरात दमेकरी असेल किंवा पाळलेले पक्षी असतील तर पाहुण्याला वेगळं ठेवा. वाळलेली विष्ठा झाडायची नाही, ओली करून पुसायची.

आता कड्याविषयी. हिरवं कडं सलग असतं, त्याला जोड नसतो. पिल्लू साधारण आठवड्याचं असताना पुढची तीन बोटं एकत्र धरून कडं वर सरकवतात आणि मागचं बोट हलकेच बाहेर काढतात. पाय वाढला की ते जन्मभर निघत नाही. त्याच्यावर देशाची किंवा संघटनेची अक्षरं, जन्मवर्ष आणि अनुक्रमांक असतो. आमच्या पाहुण्याच्या कड्यावर चालू वर्ष होतं, म्हणजे यंदाचंच पिल्लू. हरवणाऱ्यांत अशा पहिल्या वर्षातल्यांचाच भरणा जास्त. दुसऱ्या पायातल्या काळ्या कड्यात चिप असते. घरी पोचून दारातल्या पट्टीवर पाय पडला की वेळ आपोआप नोंदली जाते. काही मालक पंखाच्या पिसावर फोन नंबरचा शिक्काही मारतात. पंख पंख्यासारखा उघडून बघायचा, मोडेल म्हणून घाबरायचं नाही.

पण कडं म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. २०२० च्या डिसेंबरात मेलबर्नमध्ये एका घराच्या परसात असंच एक कबूतर उतरलं. कड्यावरून ते अमेरिकेतल्या ऑरेगॉनच्या शर्यतीतून हरवलेलं वाटलं. बाहेरचे रोग येतील म्हणून ऑस्ट्रेलियाच्या अधिकाऱ्यांनी त्याला मारायचं ठरवलं. सगळीकडे बोभाटा झाला आणि मग अमेरिकेतल्या संघटनेने सांगितलं, की कडं नकली आहे. कबूतर ऑस्ट्रेलियातलंच निघालं आणि वाचलं. एका कड्यापायी जीव जाणार होता त्याचा.

संघटनेला नंबर कळवला आणि मालकाचा फोन आला. आभार वगैरे नंतर. पहिला प्रश्न : ‘ताई, शेपटीची पिसं उपटलीत का तुटलीत?’ मला काय फरक पडतो ते कळेना. तर उपटलेलं पीस महिना-दीड महिन्यात नवीन येतं, तुटलेलं मात्र पुढच्या वेळी पिसं झडेपर्यंत तसंच राहतं. मी बघून सांगितलं, मुळापासून गेलीत. ‘मग ससाण्याच्या तावडीतून सुटलंय,’ ते म्हणाले. आवाजात अभिमान होता. नेण्यासाठी येणार नव्हते. पोटभर खाऊ दे, आभाळ स्वच्छ असेल त्या सकाळी सोडा, येईल.

सगळे मालक असे नसतात. ‘ठेवा तुम्हीच’ म्हणून फोन ठेवणारेही असतात. हरलेल्या पक्ष्यावर खर्च कोण करणार? राग येतो, पण त्या उत्तराचीही तयारी ठेवावी. कारण ठेवून घेणं वाटतं तितकं सोपं नाही. या पक्ष्याला एकच पत्ता पाठ असतो. वाढलेलं कबूतर कितीही दिवस ठेवलं तरी सोडल्यावर त्या पत्त्याच्या दिशेनेच जायचा प्रयत्न करतं. आमच्या चिरंजीवांना हे पटवताना माझ्या नाकी नऊ आले.

त्यांना वाट सापडते कशी, यात सूर्य, पृथ्वीचं चुंबकत्व, वास, ओळखीचे रस्ते असं बरंच काही येतं. आणि एवढं असूनही चुकतात. १९९७ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या नांतहून इंग्लंडकडे साठ हजारांवर कबुतरं सोडली होती, त्यातली बहुसंख्य वेळेवर पोचलीच नाहीत. जोनाथन हॅगस्ट्रम नावाच्या भूशास्त्रज्ञाने त्याचा ठपका कॉंकॉर्ड विमानाच्या ध्वनिस्फोटावर ठेवला : आपल्याला ऐकू न येणाऱ्या खोल आवाजांवरून कबुतरं घराची दिशा ओळखतात आणि त्या दिवशी त्या धडाक्याने ती बुजली, असा त्याचा अंदाज. तो सगळ्यांना मान्य नाही, पण मला आवडतो.

सोडायचं ते सकाळीच. संध्याकाळी सोडलं तर अंधाराच्या आत पोचत नाही आणि रात्री ती सहसा उडत नाहीत. मी खोकं गच्चीवर नेलं, झाकण उघडलं आणि लांब जाऊन बसले. महाशय कठड्यावर चढून सावकाश पिसं साफ करत बसले. मी कंटाळून खाली कुकर लावायला गेले, तेवढ्यात गेलं.

दुपारी मालकाचा मेसेज : ‘आलं. पण मघापासून छपरावर बसलंय, आत यायचं नाव नाही.’ शर्यतीत म्हणे यावरूनच भांडणं होतात. पक्षी दिसतो, पण दारातून आत शिरेपर्यंत वेळ धरत नाहीत, आणि भूक असली तरच तो पटकन शिरतो. थोड्या वेळाने दुसरा मेसेज : ‘ताई, खायला काय काय दिलंत?’

मी मका, मसूर, वाटाणे इतकंच लिहिलं. सासूबाई त्याला लपून शेंगदाणे घालत होत्या, ते लिहिलं नाही.