मेमरी वाढली की सँपल गायब

ड्रोनने काढलेले किनाऱ्याचे फोटो जोडून नकाशे करायचे, हे आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसातलं काम. मोठा पट्टा घेतला की प्रोग्रॅम मध्येच बंद पडायचा. लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये कारण स्पष्ट होतं: मेमरी संपली म्हणून ओओएम किलरने (अशा वेळी प्रोग्रॅम बंद पाडणारा कर्नलचा भाग) आमची प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, मारली. पण आमच्या प्रोफायलरच्या, म्हणजे प्रोग्रॅमचा मेमरी-सीपीयू वापर मोजणाऱ्या टूलच्या, ग्राफवर मेमरीची रेघ शेवटपर्यंत जवळजवळ सपाट.

"दादा, दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय," माझी चिपळूणची सहकारी म्हणाली.

बाहेर पाऊस धरून होता, लाइट सारखी ये-जा करत होती. ग्राफ बाजूला ठेवून आम्ही कच्च्या नोंदी उघडल्या. दर १० मिलिसेकंदांनी मेमरीचं एक सँपल, म्हणजे एक मोजणी, यायला हवं. नोंदींच्या वेळा मिलिसेकंदांत: ४१२०, ४१३०, ४१४०... आणि पुढची नोंद थेट ४९१०! मधलं काहीच नाही. ग्राफ काढणारा कोड ही दोन टोकं सरळ रेघेने जोडून मोकळा होत होता. सीपीयूची सँपल वेगळा थ्रेड (टूलमधलं स्वतंत्र चालणारं काम) घेतो, त्याची सगळी जागेवर होती.

मेमरीचा थ्रेड आकडा घ्यायचा 'एसमॅप्स' फाइलमधून; प्रोक या फोल्डरात कर्नल प्रत्येक प्रोसेसची माहिती अशा फाइलींमधून दाखवतो. ती वाचताना कर्नल प्रत्येक मॅपिंगची (प्रोसेसला दिलेला मेमरीचा एकेक पट्टा) पेज टेबलं, म्हणजे कुठलं पान कुठे आहे याचे तक्ते, चाळतो आणि तेवढा वेळ प्रोसेसचा एमएमॅप लॉक, म्हणजे या पट्ट्यांच्या यादीचं कुलूप, वाचनासाठी धरतो. इकडे फोटोंचे बफर, म्हणजे फोटो ठेवायच्या मेमरीतल्या जागा, मोठे. ग्लिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीतला मॅलॉक (प्रोग्रॅमला मेमरी देणारं फंक्शन) सुरुवातीला १२८ केबीपासून पुढची मागणी थेट एमएमॅपकडे, म्हणजे कर्नलकडून नवा पट्टा मागणाऱ्या कॉलकडे, नेतो, आणि त्यालाही तोच लॉक हवा, तोही लिहिण्यासाठी; त्या वेळी वाचणाऱ्याला थांबावं लागतं. म्हणजे मेमरी जोरात वाढत असतानाच वाचन रखडणार. त्यावर टूलमध्ये एक अट होती: उशिरा आलेलं सँपल शिळं समजून टाकून द्यायचं. भरतीच्या नोंदी गाळून ओहोटीच्या आकड्यांवर बंधाऱ्याची उंची ठरवावी, तसा हा प्रकार. सँपल अधूनमधून कुठेही गळली असती तर चाललं असतं. ही नेमकी नको तिथे गळत होती.

नेहमीचं वाचन आम्ही प्रोकमधल्याच 'स्टॅटएम' या फाइलवर नेलं. तिथे कर्नलचे तयार काउंटर मिळतात, पेज टेबलं चाळावी लागत नाहीत. आकडे थोडे मागेपुढे असू शकतात, हे त्याच्या मॅन पेजमध्येच (लिनक्सची माहितीपत्रिका) लिहिलंय. पण ग्राफला तेवढं पुरतं. नेमका हिशेब हवा तर अधूनमधून 'एसमॅप्स रोलअप' ही एसमॅप्सची बेरीज देणारी फाइल, जी लिनक्स ४.१४ पासून आहे. उशिराचं सँपल आता प्रत्यक्ष वाचलेल्या वेळेवर नोंदतो, टाकत नाही.

वाद झाला तो रेघेवरून. सँपल नसेल तिथे रेघ तोडावी, असं माझं म्हणणं. "लोकांना टूलच बिघडलंय असं वाटेल," ती म्हणाली. वाटू दे, पण जे मोजलंच नाही ते मोजल्यासारखं दाखवायचं नाही, यावर मी अडून बसलो. शेवटी तुटक रेघच ठेवली.

पुन्हा चालवल्यावर ग्राफ पायऱ्या-पायऱ्यांनी चढताना दिसला, दर फोटोमागे एक पायरी. उलगडलेले पिक्सेल पट्टा संपेपर्यंत कुणी सोडतच नव्हतं. ते सोडणारा कोड तिने लिहिला आणि गणपतीपुळ्याकडचा अख्खा पट्टा त्याच मशीनवर एका दमात जोडून झाला.