ग्रीगच्या ६६ रचना आणि माझा कौल

या पावसाळ्यात नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग याच्या 'लिरिक पीसेस'मधली एक आवडती ठरवायचीच, असं घोकून बसले होते. दहा पुस्तिका, पियानोच्या ६६ छोट्या रचना. पहिली पुस्तिका १८६७ची, शेवटची १९०१ची. सगळ्या बसवल्या असं कृपया समजू नका. सोप्या वाजवल्या, मधल्या चाचपडल्या आणि अवघड पियानोवादक एमिल गिलेल्सच्या १९७४च्या ध्वनिमुद्रणात नुसत्या ऐकल्या.

चाळणी तशी पटापट लागली. 'फुलपाखरू' माझ्या बोटांना झेपत नाही, विषय संपला. 'ट्रोल्डहाउगेनचा लग्नदिवस' सगळ्यांचा लाडका, पण तिसऱ्यांदा ऐकताना वरात कधी एकदा मांडवात पोचते असं होतं. 'आरिएत्ता' सोडताना मात्र जीव तुटला. ती सगळ्या मालिकेतली पहिली रचना, आणि ३४ वर्षांनी ग्रीगने तीच चाल वॉल्ट्झ या तीन मात्रांच्या नाचात घालून शेवटची रचना केली. एकीला निवडलं तर दुसरी रुसणार, म्हणून दोघींनाही नमस्कार.

उरल्या दोन, दोन्ही ओपस ५४ (ओपस म्हणजे प्रकाशनाचा क्रमांक) या पुस्तिकेतल्या: चौथी 'नोत्तुर्नो' आणि सहावी 'क्लोक्केक्लांग', म्हणजे घंटानाद.

वेंगुर्ल्याला आमच्याकडे भजनाला येणाऱ्या बुवांना दोन्ही ऐकवल्या. 'नोत्तुर्नो'ला त्यांची मान डोलली. उजव्या हातातल्या पाखरासारख्या ट्रिल्स, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांची झरझर थरथर, कोणालाही आवडतीलच. 'क्लोक्केक्लांग'ला म्हणाले, "गाणा खंय आसा ह्येच्यात?"

बुवानू, गाणं नाहीच आहे, आणि तीच तर गंमत. दोन्ही हातांत नुसते पंचम: सा-प, मग दुसऱ्या स्वरावरून तसाच जोड, मग तिसऱ्या. डावा हात मात्रेवर, उजवा मात्रा चुकवून. असे पंचम एकामागून एक सरकवणं युरोपातल्या शाळेत शिकवलेल्या नियमाविरुद्ध होतं. १८९१ साली छापलेल्या पुस्तिकेत ग्रीगने अख्खी रचनाच त्यावर उभी केली. तानपुऱ्यावर वाढलेल्या आपल्या कानाला त्यात वावगं काही वाटत नाही. हार्दांगर फिडल या नॉर्वेच्या व्हायोलिनसारख्या वाद्यालाही वाजवायच्या तारांखाली तरफेच्या तारा असतात. तो गुंजणारा आवाज या माणसाच्या कानात मुरलेला होता, असं मला तरी वाटतं.

माझी अडचण वेगळीच. मी मुळात पेटीवाली. पेटीत स्वर दाबून ठेवला आणि भाता चालू राहिला की तो जिवंत राहतो; पियानोचा स्वर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. 'नोत्तुर्नो' वाजवताना मी त्या विरण्याशी भांडते, सूर लांबवायला बघते. 'क्लोक्केक्लांग'मध्ये विरणं हेच काम आहे. पेडल दाबलं की खऱ्या पियानोत सगळ्या तारांवरचे डॅम्पर, म्हणजे तारा थोपवणाऱ्या गाद्या, उठतात, न वाजवलेल्या ताराही सूर धरतात आणि आधीच्या पंचमाच्या अंगावर पुढचा येऊन पडतो. खारी हवा आणि लोखंडी तारा यांचं जमत नाही, म्हणून माझ्याकडे डिजिटल पियानो आहे; त्यात हे सगळं नकली आहे. पण हेडफोन लावून आवाज बेतात ठेवला तर अंदाज येतो. पेडल अर्धंच उचलून गढूळपणा थोडा गाळता येतो. कितपत गाळायचा, यावर सध्या सगळा रियाज चाललाय. पूर्ण स्वच्छ केलं तर घंटा राहत नाही, नुसते टोले राहतात. डाव्या हाताची गोष्ट वेगळी. भात्यावर आयुष्य गेल्यामुळे तो अजून पाहुण्यासारखा वागतो, पण इथे त्याला फक्त मात्रेवर पडायचं आहे, तेवढं तो करतो.

तर कौल 'क्लोक्केक्लांग'ला. बुवांचा अजून 'नोत्तुर्नो'लाच आहे, आणि गंमत म्हणजे खुद्द ग्रीगही थोडा त्यांच्या बाजूचा निघाला. आन्टोन झाइडल या वाद्यवृंद-संचालकाने ओपस ५४ मधल्या चार रचना वाद्यवृंदासाठी लिहिल्या, त्यात घंटानाद होता. ग्रीगने पुढे ते काम सुधारून 'लिरिक सुइट' ही रचनामाला केली तेव्हा घंटा काढून टाकली, 'नोत्तुर्नो' ठेवली आणि पहिल्या जागी 'मेंढपाळ मुलगा' आणला. घंटा मुळात पेडलचीच असेल, तर ती वाद्यवृंदात न रमणं मला पटतं. या मेंढपाळात एवढं काय आहे ते बघायला आता तीच रचना हातात घेतली आहे. पहिलं पान झालं. डावा हात कुरकुरतोय.