बादलीत बुडालेली पिशवी

जानेवारीतली गोष्ट. कोथरूडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काका सकाळी साडेसातला फोनवर: "मॅडम, तुमच्या त्या मक्याच्या पिशव्या खड्ड्यातून जशाच्या तशा निघाल्यात. येऊन बघा."

'तुमच्या' हा शब्द झोंबला, कारण खरा होता. ओल्या कचऱ्याच्या डब्याला या पिशव्या लावा, कचऱ्याबरोबर कुजून जातील, असं मीच सभेत सांगितलं होतं.

सोसायट्यांचे कंपोस्ट खड्डे सांभाळणं हे माझं काम. निम्मं काम नाकानेच होतं. आंबूस वास आला की पाणी जास्त, अमोनिया नाकात गेला की सुका पाला कमी. मुठीत घेऊन दाबल्यावर बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला पाहिजे, धार नव्हे.

मावशी चाळणी घेऊन बसल्या होत्या. शेजारी पिशव्यांचा ढीग. खताने माखलेल्या, थोड्या ठिसूळ, पण छापलेली अक्षरं वाचता येत होती. खड्डा भरून तीन महिने झाले होते.

दुकानदाराने फसवलं, ही माझी पहिली प्रतिक्रिया. साध्या पॉलिथिनवर 'कंपोस्टेबल' छापून विकणारे आहेतच. मी तावातावाने बादली मागवली: साधं पॉलिथिन पाण्यावर तरंगतं, कंपोस्टेबल बुडतं. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले, नाहीतर बुडबुडे चिकटून काहीही तरंगतं. दुधाच्या पिशवीचा तुकडा वर राहिला. आमचा तुकडा डुलत डुलत तळाला गेला. कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेलं पॉलिथिनही बुडू शकतं, म्हणून दुसरा तुकडा चिमट्यात धरून पेटवला. पॉलिथिन जळताना येतो तसा मेणबत्ती विझल्यासारखा वास नाही. पाकिटावरचा उत्पादकही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत सापडला.

माल अस्सल होता. खोटा निघाला असता तर किती बरं झालं असतं!

मग लांब दांडीचा थर्मामीटर मधोमध खुपसला. 38 अंश. तीन फुटी जाळीदार विटांचा खड्डा, त्यात पुण्याची थंडी. ऊब टिकणार कुठून? या पिशव्यांची प्रमाणपत्राची चाचणी साधारण 58 अंशांवर होते. 12 आठवड्यांनी 2 मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून जास्त उरता कामा नये, असा निकष. मोठ्या प्रकल्पातल्या ढिगाला ती उष्णता आपोआप येते, आमच्या खड्ड्याला नाही. मी हे प्रशिक्षणात शिकवते. सभेत मात्र सांगितलं नाही. 'कुजतात' एवढं पुरेसं वाटलं.

आणि 'मक्याच्या' तरी कितपत? अशा पिशव्यांत स्टार्च किंवा पीएलए (वनस्पतींच्या साखरेपासून बनवलेलं प्लॅस्टिक) असतं, पण लवचिकपणा येतो तो पीबीएटी नावाच्या दुसऱ्या प्लॅस्टिकमुळे, आणि ते बहुतेक खनिज तेलापासूनच बनतं. कुजण्याशी त्याचा संबंध नाही, पीबीएटीही कुजतं. पण दुकानातल्या पाकिटावर कणसाचं चित्र असतं.

काका म्हणाले, "पण लिहिलंय ना कंपोस्टेबल?" तोवर सोसायटीच्या ग्रुपवर ढिगाचा फोटो पोचला होता. वर्षभर घरी कचरा वेगळा न करणारे दोघे त्याखाली सर्वांत आधी बोलले.

मावशी मात्र हळूच म्हणाल्या, "ताई, मी पहिल्यापासून उचलून बाजूला ठेवत होते. सुपरवायझर ओरडला. म्हणाला, ताईंनी टाकायला सांगितलंय, टाक."

यावर मला काही बोलता आलं नाही. पुढच्या खड्ड्यासाठी डब्यात कागद घालायचा, असं ठरवून घेतलं. मावशींनी विचारलं, "मग आता ह्या कुठे टाकू?" सुक्या कचऱ्यावाल्याने हात लावायला नकार दिला, प्लॅस्टिकच्या गठ्ठ्यात ह्या मिसळल्या तर त्याचा माल परत येतो. शहरात मोठ्या ढिगावर पाठवायची सोय कोणी करेना. मी म्हटलं, "तूर्तास गोणीत भरून ठेवा."

काल दुसऱ्या कामाला गेले होते तेव्हा पाहिलं. नळामागच्या भिंतीला गोणी तशीच टांगलेली आहे. आता तिच्या शेजारी दुसरीही आहे.