कॉबलरची नोंद: टॉपिंगची खालची बाजू

कॉबलर म्हणजे खाली फळं आणि वर मैद्याच्या मिश्रणाचे गोळे (टॉपिंग) घालून ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ. माझ्या कॉबलरच्या टॉपिंगची खालची बाजू आता नीट भाजली जातेय. वरून सोनेरी, कडेने खुसखुशीत हे आधीपासून जमत होतं. पण सुरीने मधला गोळा उचलला की फळाला टेकलेला भाग पांढरट, चिकट, दाताला मैदा लागेल असा निघायचा. आता तोच भाग जाळीदार असतो, तळाशी फक्त रसाचा रंग चढलेला. मागच्या नोंदीपासून सगळा खटाटोप याच एका गोष्टीसाठी चालला होता, म्हणून आज तिच्याबद्दलच सविस्तर लिहिते.

गार फळांवर गार टॉपिंग टाकलं की वरून ओव्हनची धग आणि खाली फळांचा थंड, ओला थर. तो सगळा थर तापून उकळी फुटेपर्यंत वरचं टॉपिंग तांबूस होऊन बसतं. मग बाहेर काढावं तर पोट कच्चं, ठेवावं तर माथा करपतो. म्हणून आता फळं आधी एकटीच ओव्हनमध्ये जातात: २०० अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटं, कडेने बुडबुडे दिसेपर्यंत. भांडं बाहेर काढलं की रस चरचरत असतानाच टॉपिंगचे गोळे टाकायचे आणि लगेच परत आत, १९० अंशाला साधारण २५ ते ३० मिनिटं. डबल ॲक्टिंग बेकिंग पावडरमधून थोडा वायू ओलावा लागताच सुटतो, बराचसा उष्णता मिळाल्यावर. त्यामुळे उकळत्या रसावर पडलेला गोळा खालूनही फुलायला लागतो.

कॉबलर अमेरिकेत वाढलेला पदार्थ. १९व्या शतकात तिकडे उघड्या विस्तवावर स्वयंपाक करताना जाड बिडाचं झाकणाचं भांडं वापरत आणि निखारे खाली ठेवत, तसेच झाकणावरही. म्हणजे दोन्हीकडून धग. फळं आधी तापवून आपण ती खालची धगच परत आणतो, असं मला वाटतं.

गोळ्यांमधल्या फटींचंही महत्त्व आता पटलंय. टॉपिंग सलग पसरलं की वाफ खालीच कोंडते आणि तळ भिजवत राहते. चमच्याने दीड-दोन सेंटीमीटर जाडीचे गोळे सोडायचे, मध्ये बोटभर जागा ठेवायची. तिथून वाफ निघून जाते, रस उसळून गोळ्यांच्या कडांवर येतो आणि तिथे चिकट, कॅरॅमलसारखी किनार धरते. मला तर तीच किनार सगळ्यात प्रिय.

सध्याचं माप २० सेंटीमीटरच्या चौकोनी भांड्यासाठी आहे. ९०० ग्रॅम फळ, १०० ग्रॅम साखर, २ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, १ मोठा चमचा लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. टॉपिंगला १९० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम साखर, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा सोडा, पाव छोटा चमचा मीठ, ८५ ग्रॅम थंडगार बटर आणि १५० मिलिलिटर घट्ट ताक. बटर मैद्यात चोळायचं, पण पूर्ण एकजीव करायचं नाही. वाटाण्याएवढे तुकडे दिसत राहिले पाहिजेत. भाजताना ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तिथे पापुद्रे सुटतात. इथपर्यंतची तयारी करून मी मिश्रण फ्रिजमध्ये ठेवते. ताक ओतायचं ते फळं ओव्हनमधून निघायच्या बेतात असतानाच. काट्याने चार वेळा फिरवलं की पुरे. कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबवायचा, मळायचं अजिबात नाही.

सोडा मोजून घ्या. ताकाच्या आंबटपणाला पुरेल इतकाच हवा. जास्त झाला तर साबणासारखी चव येतेच, शिवाय ब्लूबेरी असतील तर रस लागलेल्या ठिकाणी टॉपिंग हिरवट-निळं दिसतं. बेरीतलं जांभळं रंगद्रव्य अल्कलीत रंग बदलतं, त्याचा हा परिणाम. खायला काही धोका नाही, पण दिसायला विचित्र.

फळांपैकी पीच आणि प्लम सगळ्यात सरळ. पीचच्या बुडाला फुलीची चीर देऊन अर्धा-एक मिनिट उकळत्या पाण्यात ठेवले आणि मग बर्फाच्या पाण्यात टाकले की पिकलेल्या फळाची साल हाताने सुटते. सफरचंदांना पाणी कमी सुटतं आणि ती शिजायलाही वेळ घेतात. त्यांच्या पातळ फोडी, १ चमचा कॉर्नफ्लोअर आणि आधीची भाजणी झाकण ठेवून २५ मिनिटं. फ्रोझन बेरी वितळवत नाही, तशाच साखर-कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून टाकते, कॉर्नफ्लोअर थोडं वाढवते आणि पहिल्या भाजणीला १० मिनिटं जास्त देते.

रस दाटण्याबद्दल एकच सांगते: कडेच्या बुडबुड्यांवर विसंबू नका. मध्यभागीही उकळी दिसली पाहिजे, कारण कॉर्नफ्लोअर पुरतं फुलायला रस ९५ अंशांच्या आसपास जावा लागतो. बुडबुडे पाहूनही कळतं. आधी ते पाणचट, भराभर फुटणारे असतात. रस दाटला की जड, चकचकीत होतात आणि सावकाश फुटतात. टॉपिंगसाठी थर्मामीटर असेल तर मधल्या गोळ्याच्या पोटात ९३ अंश बघा. नसेल तर सुरीने गोळा उचलून खालून पाहणं, हीच खरी तपासणी. बाहेर काढल्यावर निदान अर्धा तास थांबा, रस निवताना आणखी घट्ट होतो.

भांडं सध्या एनॅमलचं वापरतेय. काच आणि सिरॅमिक सावकाश तापतात, तर उघड्या ॲल्युमिनियमला फळांचा आंबटपणा लागून चव बिघडते. एनॅमलखाली धातू असल्याने तळ लवकर तापतो, तेही खालच्या बाजूच्या पथ्यावर पडलंय. उरलेलं कॉबलर दुसऱ्या दिवशी न झाकता ओव्हनमध्ये १७० अंशाला १५ मिनिटं ठेवलं की वरचा कुरकुरीतपणा परत येतो. मायक्रोवेव्हमध्ये टॉपिंग मऊ पडतं.

आता दुसरा प्रकार करून बघायचाय, पातळ पिठाचा. त्यात बटर भांड्यातच वितळवतात, त्यावर मैदा, साखर, दूध आणि बेकिंग पावडरचं सरसरीत पीठ ओततात आणि फळं सगळ्यात वर पसरतात. ढवळायचं नाही. भाजताना पीठ फळांच्या मधून वर येतं आणि फळं खाली बसतात. तिथे पिठाला तळाशी तापलेलं बटर मिळतं, त्यामुळे खालची बाजू कशी उतरते याची मला फार उत्सुकता आहे. सुरुवात प्लमपासून करणार आहे.